हृदयाला हात घालणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे भराभर वाटली गेली, आणि ते योग्यच झाले. माझी पाळी आली तेव्हा मी एका डॉक्टरांचे नाव सांगितले. ते बैठकीत फार थोड्या जणींनी ऐकलेले होते. ज्यांनी भारतात प्रथमच एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले, त्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्याविषयी मी लिहिणार आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वैद्यकाची मोठमोठी पुस्तके मला कशी वाचता येणार? पण माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. ती सुट्टीत वाशीमला घरी आली की संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत ओट्याजवळ बसून मला एकेक गोष्ट वाचून आणि समजावून सांगते. मला जसे समजले तसे, आपल्या घरगुती भाषेत, येथे मांडत आहे.

डॉ. सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्याला झाला. जन्माने ते बंगाली. पण त्यांचे बालपण गेले आपल्या नागपुरात. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने अनेक बंगाली कुटुंबे तेथे येऊन राहिली होती. म्हणून विदर्भाने त्यांना आपला माणूस म्हटले तर ते वावगे ठरू नये. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईला परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात गेले. त्या कॉलेजाला लागूनच के. ई. एम. रुग्णालय आहे. दोन्ही संस्था १९२६ साली सुरू झाल्या. कॉलेजासाठी ज्यांनी देणगी दिली, त्यांनी एक अट घातली होती, ती अशी की येथे शिकवणारे सगळे डॉक्टर हिंदी असावेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट घालायला धीर लागत असे. अशा स्वाभिमानी संस्थेत सेन शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि पुढे तेथल्याच शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले.

के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. तेथे येणारा रोगी गिरणीतला कामगार, हमाल, नाहीतर गावाकडून गाठोडे घेऊन आलेला शेतकरी. डॉ. सेन यांची सगळी मोठी कामे याच गर्दीच्या रुग्णालयात आणि असल्याच गरीब रोग्यांसाठी झाली.

आता त्यांचे काम समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती थोडी सांगायला हवी. डॉक्टर मंडळी पोट फाडून शस्त्रक्रिया करू लागली त्यालाही बरीच वर्षे झाली होती. हाडे जोडत, मुतखडे काढत. पण हृदयाला कोणी हात लावत नसे. हृदय क्षणभरही थांबत नाही. ते थांबले की मनुष्य गेला. हलत्या पाळण्यातल्या मुलाचे झबले शिवता येत नाही, तसे चालत्या हृदयावर टाके कसे घालायचे, हा प्रश्न होता. १९२५ साली लंडनच्या सूटर नावाच्या डॉक्टरांनी एका तरुण मुलीच्या हृदयात बोट घालून आतली आवळलेली झडप सैल केली. मुलगी वाचली. पण इतर डॉक्टरांना हे धाडस वाटले आणि सूटर यांच्याकडे दुसरा रोगी कोणी पाठवलाच नाही. त्यानंतर तेवीस वर्षे गेली. १९४८ च्या जून महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेली आणि बोस्टनला हार्केन या दोघांनी थोड्या दिवसांच्या अंतराने तीच शस्त्रक्रिया पुन्हा यशस्वी करून दाखवली. तेव्हा कुठे जगाची भीती मोडली.

ही झडप म्हणजे काय, हे आपण बायकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार खोल्या आहेत आणि खोल्यांमध्ये एकाच बाजूला उघडणारी दारे आहेत. रक्त पुढे जावे पण मागे येऊ नये, म्हणून ही दारे. लहानपणी घसा दुखून ताप येतो. तो बहुतेकांचा आपोआप बरा होतो. पण काही मुलांना त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, परवा मनगट. सूज उतरते, मूल खेळायला लागते, घरचे विसरून जातात. आत मात्र हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाराची पाने सुजून एकमेकांना चिकटू लागतात. वर्षे जातात तसे दार आवळत जाते. पुढे जाऊ न शकलेले रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि मनुष्याला धाप लागते. हा रोग बायकांत अधिक आढळतो, आणि गरोदरपणी तो हमखास उफाळतो, कारण त्या काळात शरीरातले रक्त वाढते आणि अरुंद दारावर जास्त भार पडतो.

मुलीने मला हे समजावले तेव्हा माझ्या हातातले काम थांबले. माझ्या आईची धाकटी बहीण, माझी मावशी, रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात दिली होती. मी तिला पाहिलेले नाही; माझ्या जन्माच्या आधीच ती गेली. आई सांगते की लहानपणी तिचे सांधे सुजायचे, तेव्हा लेप लावायचे. लग्नानंतर विहिरीवरून घागर आणताना ती दोनदा बसायची. सासरी तिला आळशी म्हणत. पहिल्या बाळंतपणातून निभावली. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात तिला आडवे पडता येईना. अंथरुणाची वळकटी पाठीशी घेऊन ती रात्ररात्र बसून काढायची. सगळ्यांनी दमा म्हटले आणि दम्याची औषधे दिली. ती गेली तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिला दमाच होता, असे आई परवापर्यंत समजत होती.

ज्या वर्षी मावशी गेली, त्याच्या वीसेक वर्षे आधीपासून डॉ. सेन मुंबईत नेमक्या याच रोगावर शस्त्रक्रिया करीत होते. हे वाचल्यापासून त्यांचे नाव माझ्या मनातून जात नाही. या लेखासाठी मी त्यांना निवडले, ते त्यामुळेच.

१९४९ च्या सुमारास डॉ. सेन उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. बेली यांनी आदल्याच वर्षी झडप उघडली होती, ती याच शहरात. हृदयाच्या शस्त्रक्रियेचे नवे वारे जेथे वाहत होते तेथेच ते जाऊन पोचले. तेथे राहून पैसा मिळवण्याचा मार्ग अनेकांनी धरला. सेन मात्र विद्या घेऊन परळला परतले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांनी के. ई. एम. मध्ये झडप उघडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आपल्या देशात हे काम सुरू करणाऱ्या अगदी पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते.

ती शस्त्रक्रिया कशी करीत, तेही सांगते. डाव्या बाजूच्या बरगड्यांमधून छाती उघडायची. हृदय धडधडतच असते. हृदयाच्या वरच्या खोलीला कानाच्या पाळीसारखा एक भाग असतो. त्याच्या भोवती, आपण बटव्याच्या तोंडाला नाडी ओवतो तसा, गोल टाका घालून ठेवायचा. मग तेथे छेद द्यायचा, पटकन बोट आत सारायचे आणि नाडी आवळायची, म्हणजे रक्त बाहेर येत नाही. आत काय आहे ते दिसत नाही. सगळे बोटाच्या शेंड्याला कळते. चिकटलेल्या दाराची फट बोटाने चाचपायची आणि हलकेच दाबून ती मोकळी करायची. दाब कमी पडला तर दार उघडत नाही. जास्त झाला तर दाराचे पान फाटते. हे काही क्षणांत उरकायचे, बोट काढायचे, नाडी ओढून घ्यायची. अंधारात सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला या कामाची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच की येथे दोरा चुकला तर जीव जातो.

ज्या सुनेला चार पायऱ्या चढवत नसत, ती अशा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत आपल्या पायांनी घरी जाऊ शकत असे. आजकाल बहुतेक वेळा छाती उघडावीही लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवून दार मोकळे करतात. आमच्याच घरात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचे असे काम नागपूरला झाले आणि आज तिचा मुलगा शाळेत जातो. पण चिकटलेले दार उघडून मनुष्य वाचवता येतो, हा विश्वास आपल्याकडे ज्यांनी रुजवला त्यांत डॉ. सेन होते.

डॉ. सेन एकटे काम करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी आपल्याभोवती तरुण डॉक्टरांचा मेळा जमवला. डॉ. गुरुकुमार परुळकर, डॉ. पांडे, रोगाची चिकित्सा सूक्ष्मदर्शकाखाली करणारे डॉ. किणारे ही नावे त्यांच्या नावाबरोबर पुन्हा पुन्हा येतात. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ज्यांनी मोठे नाव मिळवले ते डॉ. तेहेमतन उदवाडिया हेही त्यांच्या हाताखाली काम केलेले. नव्या विचाराला तेथे मज्जाव नव्हता, मग तो कोठूनही येवो.

याचे एक उदाहरण मोठे नवलाचे आहे. हृदय साऱ्या शरीराला रक्त देते; पण त्याच्या स्वतःच्या मांसाला रक्त मिळते ते वरून जाणाऱ्या वेगळ्या शिरांतून. त्या शिरा तुंबल्या की झटका येतो. सापाच्या हृदयात मात्र वेगळी व्यवस्था असते. आतल्या पोकळीतले रक्त सरळ भिंतीत झिरपते आणि मांसाला पोचते. डॉ. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडली तर रक्त तसेच झिरपेल काय? त्यांनी हा प्रयोग करून १९६५ साली तो जगापुढे मांडला. सुईने पाडलेली छिद्रे पुढे बुजतात असे दिसून आले, आणि हा उपाय सर्रास चालू झाला नाही. तरीपण वीस-पंचवीस वर्षांनी परदेशांत लेझर किरणांनी हृदयाला छिद्रे पाडण्याची पद्धत निघाली, तेव्हा तिच्या इतिहासात मुंबईच्या या सुयांचा उल्लेख आदराने केला गेला. आपल्या गावी नागपंचमीला आपण नागाची पूजा करतो. त्याच्या हृदयापासून धडा घेणारा डॉक्टर आपल्यातच होऊन गेला.

दुसरे काम खास स्त्रियांच्या उपयोगाचे. तरुण मुलींना होणारा एक रोग आहे, त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आणि तिच्या फांद्या यांच्या भिंती सुजून जाड होतात व आतून अरुंद होत जातात. कधी हाताची नाडीच लागेनाशी होते, कधी कोवळ्या वयात रक्तदाब भलताच वाढतो. जपानमधल्या ताकायासु नावाच्या नेत्रवैद्यांनी १९०८ साली तो प्रथम वर्णिला, म्हणून त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. डॉ. सेन, किणारे, केळकर आणि परुळकर यांनी के. ई. एम. मधल्या अशा १०१ रोग्यांचा अभ्यास करून १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. एकशे एक जणांची एकेक नाडी, एकेक शीर तपासून केलेले ते काम आहे. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत. पण पुढच्या डॉक्टरांना रोग ओळखता येतो तो अशा कामामुळे.

आता ज्या घटनेमुळे त्यांचे नाव जगभर झाले तिच्याकडे वळू.

रशियात देमिखोव नावाचे एक शास्त्रज्ञ होते. कुत्र्याच्या छातीत दुसरे हृदय बसवण्याचे प्रयोग ते कित्येक वर्षे करीत होते. डॉ. सेन रशियाला गेले असता त्यांनी ते काम जाणून घेतले आणि परत आल्यावर परळला स्वतः तसे प्रयोग सुरू केले. एकदा नव्हे, दहादा नव्हे. १९६५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जो वृत्तांत प्रसिद्ध केला तो शंभर प्रयोगांचा होता. मुक्या जनावरांवरचे प्रयोग म्हटले की आपल्या बायकांचे मन कळवळते, माझेही कळवळले. पण माणसावर हात चालवण्याआधी तो हात तयार करायचा दुसरा मार्ग त्या काळी कोणापाशीच नव्हता. त्याच १९६५ साली त्यांनी के. ई. एम. मध्ये एका रोग्याला दुसऱ्याचे मूत्रपिंडही बसवले. तो रोगी थोडेच दिवस जगला. आपल्या देशात असे मूत्रपिंड नीट टिकले ते १९७१ साली, वेल्लोरच्या रुग्णालयात.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे डॉ. बर्नार्ड यांनी जगात प्रथमच एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाला बसवले. मोटारीच्या अपघातात सापडलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीचे ते हृदय होते. ज्यांना बसवले ते गृहस्थ अठरा दिवस जगले. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कला डॉ. कँट्रोविट्झ यांनी एका तान्ह्या बाळावर ही शस्त्रक्रिया केली. बाळ काही तासांत गेले. जानेवारीत बर्नार्ड यांनी दुसरी केली, कॅलिफोर्नियात डॉ. शमवे यांनी एक केली, कँट्रोविट्झ यांनी आणखी एक केली. अशा साऱ्या जगात मिळून पाच झाल्या होत्या. सहावी झाली आपल्या मुंबईत, परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात.

१६ फेब्रुवारी १९६८ च्या रात्रीची गोष्ट. एका सत्तावीस वर्षांच्या गरीब तरुणाचे हृदय पार निकामी झाले होते. त्याला औषध उरले नव्हते. त्याच वेळी अपघातात डोक्याला जबर मार बसलेली एक तरुण स्त्री रुग्णालयात होती आणि तिच्या वाचण्याची आशा संपली होती. तिचे हृदय त्या तरुणाला बसवायचे ठरले. दोन्ही शस्त्रक्रियागृहांत मिळून डॉक्टर, परिचारिका, रक्त देणारे, यंत्र सांभाळणारे अशी किती माणसे त्या रात्री जागली असतील!

रोग्याचे रक्त यंत्रातून फिरवून शरीराला पुरवायचे आणि तेवढ्या वेळात त्याचे जुने हृदय काढायचे. पण ते सगळे काढत नाहीत. वरच्या दोन खोल्यांच्या मागच्या भिंती जागच्या जागी ठेवतात, कारण तेथे अनेक शिरा येऊन मिळालेल्या असतात. त्या भिंतींना नव्या हृदयाच्या कडा शिवायच्या. मग फुप्फुसाकडे जाणारी आणि शरीराकडे जाणारी अशा दोन मोठ्या वाहिन्या जोडायच्या. असे चार ठिकाणी शिवणकाम. टाका सैल पडला की गळती, घट्ट ओढला की चूण पडून वाट बंद. हे सर्व यथासांग झाले. नवे हृदय चालू लागले. जगात ज्यांना हे साधले असे सेन हे चौथे शल्यविशारद.

तो तरुण तीन तास जगला. त्याच्या फुप्फुसांतल्या शिरा दीर्घ आजाराने कडक झाल्या होत्या. त्यांच्यातून रक्त ढकलायला जो जोर लागतो तो नव्या हृदयाला झेपला नाही. निरोगी माणसाचे हृदय निरोगी फुप्फुसांना सरावलेले असते. त्याला एकाएकी चढावर गाडा ओढायला लावल्यासारखे झाले. हे आज डॉक्टर आधीच मोजून पाहतात. तेव्हा हे ज्ञान अशाच अनुभवांतून गोळा होत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रोगी चौदा तास जगला. त्यानंतर त्यांनी हृदयरोपण केले नाही.

१९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यासाठी ते इतके झटले ते हृदयरोपण आपल्या देशात यशस्वी झालेले त्यांना पाहता आले नाही.

मी हे चरित्र मुलीकडून ऐकले तेव्हा माझ्या मनात एक शंका आली. जो रोगी तीनच तास जगला, त्या शस्त्रक्रियेचे कौतुक कशासाठी करायचे? घरातले कर्ते माणूस गमावलेल्या त्या कुटुंबाला जगातली सहावी शस्त्रक्रिया म्हणून काय समाधान? काही लोकांनी त्या काळीही विचारले की जेथे साधे औषध मिळत नाही अशा देशात असला खर्च हवा कशाला? हे प्रश्न खोटे नाहीत. मी त्यांवर पुष्कळ विचार केला.

मला असे वाटते, की डॉ. सेन यांचे हात तयार होते. तयार नव्हते ते बाकीचे सगळे. दुसऱ्याचा अवयव शरीर परका मानते आणि झिडकारते. त्याला आवर घालणारे चांगले औषध १९८० नंतर हाती आले. १९६८ साली जगभर शंभरावर हृदयरोपणे झाली, बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत गेले आणि बहुतेक डॉक्टरांनी हात आखडते घेतले. शिवाय मेंदू कायमचा मेला म्हणजे मनुष्य गेला, मग हृदय यंत्राच्या आधाराने धडधडत असले तरी, हे आपल्या कायद्यात लिहिलेले नव्हते. तसा कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयरोपण यशस्वी झाले. सेन यांच्या त्या रात्रीनंतर सव्वीस वर्षांनी! आणि मुंबईत असे यश आले ते ऑगस्ट २०१५ मध्ये. पुण्यातल्या एका स्त्रीचे हृदय तिच्या घरच्यांनी दिले, आणि ते मुंबईत एका बावीस वर्षांच्या तरुणाच्या छातीत चालू लागले. सत्तेचाळीस वर्षे बंद असलेली वाट तेव्हा पुन्हा वाहती झाली.

यात मला आपल्या बायकांचा संबंध दोन ठिकाणी दिसतो.

पहिला माझ्या मावशीचा. मुंबईत दार उघडणारे बोट होते. रिसोडच्या खेड्यात ते कोणाला ठाऊक नव्हते. डॉक्टर कितीही मोठा असो, धाप लागलेल्या सुनेला आळशी म्हणणारे घर असेल तर तो काय करणार? म्हणून सांगते, घरातल्या मुलाचा घसा दुखून ताप आला तर दुर्लक्ष करू नका. सांधे एकामागून एक सुजले तर लेपावर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा आणि हृदय तपासायला सांगा. ज्या मुलाला हा ताप येऊन गेला आहे त्याला डॉक्टर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगतात. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मूल धडधाकट दिसते म्हणून आपण कंटाळतो आणि सोडून देतो. ते सोडू नये. आणि गरोदर बाईला उशीवर डोके टेकून झोपवत नसेल, रात्री धाप लागून उठून बसावे लागत असेल, तर दिवस भरण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे.

दुसरा संबंध त्या दोन स्त्रियांचा, ज्यांची हृदये दिली गेली. एक १९६८ सालची, एक २०१५ सालची. डॉ. सेन यांचे नाव पुस्तकात आले. त्या रात्रीच्या तरुण स्त्रीचे हृदय दिले गेले नसते तर मात्र त्यांना काहीच करता आले नसते. आज कायदा आहे, औषध आहे, हृदय नेण्यासाठी पोलीस रस्ते मोकळे करून देतात. तरीही अजून एक परवानगी लागते, ती घरच्या माणसांची. ती दुःखाच्या ऐन क्षणी, थोड्या तासांत द्यायची असते. त्या वेळी घरात याविषयी आधी कधी बोलणेच झालेले नसेल, तर सगळे गोंधळतात आणि वेळ निघून जाते. मी माझ्या घरी बोलून ठेवले आहे. यजमान प्रथम अशुभ म्हणून रागावले, मग दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून विषय काढला आणि आपलीही इच्छा तीच असल्याचे सांगितले. सासूबाईंना अजून पटलेले नाही, आणि मी आग्रह धरलेला नाही. प्रत्येकीने आपापल्या मनाप्रमाणे ठरवावे. पण एकदा विषय काढावा, इतकीच माझी विनंती आहे.

थोरांची चरित्रे आपण बहुधा विजयाची वाचतो. डॉ. सेन यांचे चरित्र तसे नाही. झडपा उघडून त्यांनी वाचवलेल्या माणसांची यादी कोठे छापलेली नाही, आणि ज्या शस्त्रक्रियेने त्यांचे नाव झाले तिच्यात रोगी वाचला नाही. तरीही नागपुरात वाढलेल्या या माणसाने गरिबांच्या रुग्णालयात उभे राहून, सारे जग जेथे नुकते पोचत होते तेथे आपल्या देशाला नेऊन पोचवले. आपल्या मंडळाच्या भगिनींनी त्यांचे नाव निदान आता तरी लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

येत्या महिन्याच्या सभेत माझी मुलगी येणार आहे. ज्यांना घशाच्या तापाविषयी, इंजेक्शनाविषयी किंवा अवयवदानाच्या अर्जाविषयी विचारायचे असेल त्यांनी जरूर यावे, आणि आपल्या सुनांनाही बरोबर आणावे.